निकालाचा कागद आणि हसऱ्या चेहऱ्यांचा तक्ता

प्राथमिक शाळेतून हल्ली दोन प्रकारचे कागद बाहेर पडतात. एक चाचणीच्या निकालाचा. दुसरा, मुलांना शाळेत कसे वाटते याच्या नोंदीचा. पहिला आपल्या आजोबांच्या काळापासून आहे, दुसरा अलीकडचा. पहिल्यात आकडे असतात. दुसऱ्यात पुष्कळदा तीन चेहरे काढलेले असतात : हसरा, साधा आणि रडका. मुलाने त्यातल्या एकावर खूण करायची. पालकसभेत दोन्ही कागद वाचून दाखवले जातात. निकाल सुधारला, मुले आनंदी आहेत, असे सांगितले जाते. आपली माणसे माना डोलावतात, सही नाहीतर अंगठा करतात आणि कामावर निघून जातात.

मी महाविद्यालयात शिकवतो. माझ्या घरात माझ्या आधी कोणी महाविद्यालयाची पायरी चढलेले नव्हते. म्हणून वस्तीतील पालक असे कागद घेऊन माझ्याकडे येतात आणि विचारतात, "सर, जरा बघा, पोरगं हुशार हाय का?" त्या कागदावरून पोरगे हुशार आहे की नाही हे कळत नाही. मात्र शाळेविषयी बरेच काही कळू शकते, कागद वाचता आला तर. तो कसा वाचावा, एवढेच मला कार्यकर्ते, विद्यार्थी आणि शिक्षक मित्रांपुढे मांडायचे आहे.

प्रथम सरासरी घेऊ. समजा, एका वर्गात 20 मुले आहेत. गावातील 10 मुलांना शंभरापैकी 80 गुण आहेत आणि वस्तीतील 10 मुलांना 40. वर्गाची सरासरी 60. आता यातल्या एकाही मुलाला साठ गुण नाहीत. म्हणजे जे मूल वर्गात अस्तित्वातच नाही, त्याचा आकडा शाळेने फळ्यावर लिहिला. पुढच्या वर्षी ऊसतोडीला किंवा वीटभट्टीवर गेलेल्या आईबापांबरोबर वस्तीतील 5 मुले गेली आणि चाचणीच्या दिवशी गैरहजर राहिली. उरली 15. त्यांच्या गुणांची बेरीज 1000. सरासरी झाली जवळजवळ 67. एक अक्षर जास्त न शिकवता शाळेचा निकाल सात गुणांनी वर गेला! कोणी खोटे बोलले नाही, कोणी गुण वाढवले नाहीत. फक्त पाच मुले नव्हती. म्हणून निकालाचा कागद हाती आला की त्यावरचा आकडा नंतर पाहावा. आधी पट किती आणि परीक्षेला बसले किती हे विचारावे, आणि जे बसले नाहीत ते कोणत्या घरचे, हेही विचारावे.

देशपातळीवरच्या पाहण्यांतही हाच प्रश्न दडलेला आहे. 2005 पासून 'असर' नावाची पाहणी होते. तिचे कार्यकर्ते शाळेत न जाता गावात, घरी जातात आणि एकेका मुलाला समोर बसवून वाचायला लावतात. त्यामुळे शाळा बुडवणारे मूलही मोजले जाते. तिच्या 2024 च्या अहवालात ग्रामीण भारतातील तिसरीच्या मुलांपैकी 27.1 टक्के आणि पाचवीच्या मुलांपैकी 48.8 टक्के मुलांना दुसरीच्या पातळीचा उतारा वाचता आला. सरकारची राष्ट्रीय संपादणूक पाहणी मात्र शाळेत, त्या दिवशी हजर असलेल्या मुलांची होते. 12 नोव्हेंबर 2021 रोजी झालेल्या पाहणीत 1 लाख 18 हजार शाळांतील सुमारे 34 लाख मुले होती. तिच्यात पर्याय निवडायचे असतात. चार पर्याय असले की काहीही न येणारे मूलही अंदाजाने सरासरी चारांतला एक प्रश्न बरोबर सोडवते. तेव्हा अशा चाचणीतले तीस टक्के म्हणजे जवळजवळ शून्यच. हे पालकाला कोण सांगतो? याच पाहणीत सामाजिक गटांप्रमाणेही आकडे दिले होते. अनुसूचित जाती आणि जमातींच्या मुलांची सरासरी खुल्या गटातील मुलांपेक्षा खाली होती. हे राष्ट्राच्या अहवालात छापले जाते. गावच्या शाळेच्या पालकसभेत मात्र निकाल गटवार मांडलेला मी अजून पाहिलेला नाही.

निकालावरून शाळा मोजण्याची ही पद्धत नवी नाही. इंग्लंडमध्ये 1862 पासून निकाल पाहून शाळांना अनुदान देण्याची रीत होती. तपासनीस यायचा, मुलांची परीक्षा घ्यायचा, आणि पास झालेल्या डोक्यांवर पैसे मिळायचे. तीच रीत आपल्याकडेही आली. 1882 साली हंटर आयोगापुढे दिलेल्या निवेदनात जोतीराव फुल्यांनी तिच्याविषयी स्पष्ट मत नोंदवले होते. गरीब आणि अज्ञानात ठेवलेल्या लोकांत शिक्षण पसरवायला ही पद्धत उपयोगाची नाही, अशा लोकांत शाळा काढून कोणाही शिक्षकाचे पोट भरणार नाही, असे त्यांचे म्हणणे होते. त्यामागचे गणित सरळ आहे. निकालावर पैसा किंवा मान मिळत असेल तर ज्याच्या घरी आधीच पाटी-पुस्तक आहे ते मूल मास्तराला फायद्याचे होते आणि आपले मूल तोट्याचे. मग तोट्याचे मूल मागच्या बाकावर जाते. परीक्षेच्या दिवशी त्याला घरी पाठवण्याचा मोह होतो. आज अनुदान निकालावर मोजले जात नाही. पण पहिला क्रमांक, प्रगत शाळेचा फलक, वरिष्ठांची शाबासकी हे सारे त्याच जातकुळीचे आहे.

आता गुण देणाऱ्याकडे वळू. येथे आपल्याला थोडे कडू गिळावे लागेल. रेमा हॅना आणि ली लिंडेन या संशोधकांनी भारतातील एका शहरात केलेला प्रयोग 2012 साली प्रसिद्ध झाला. मुलांची परीक्षा घेतली आणि उत्तरपत्रिका शिक्षकांकडे तपासायला दिल्या. प्रत्येक उत्तरपत्रिकेवर मुलाची जात लिहिलेली होती. पण ती खरी नव्हती, चिठ्ठ्या टाकाव्यात तशी लावलेली होती. तेव्हा जातीचा आणि उत्तराच्या दर्जाचा काडीचा संबंध नव्हता. तरीही 'खालची' जात लिहिलेल्या पत्रिकांना किंचित कमी गुण पडले. फरक लहान होता, पण होता. आणि हा फरक मुख्यतः कोणाकडून झाला? स्वतः 'खालच्या' जातींतील परीक्षकांकडून. हे वाचून काही मित्र रागावले. मला त्यात आश्चर्य वाटत नाही. ज्याला आयुष्यभर आपल्या माणसांकडून कमीच अपेक्षा ठेवायला शिकवले, तो खुर्चीवर बसल्याबरोबर ती अपेक्षा कोठे टाकून येणार? शिवाय पक्षपात होत नाही हे दाखवण्यासाठी आपल्याच मुलाला अधिक कडक तपासणारे शिक्षकही आपण पाहतो. याच प्रयोगात असेही दिसले की तपासणीच्या सुरुवातीच्या पत्रिकांत हा भेद जास्त होता. परीक्षकाच्या मनात मापदंड पक्का होईपर्यंत जात मापदंडाची जागा घेते. शिक्षक मित्रांसाठी यातून एक सोपा उपाय निघतो. पहिल्या दहा पत्रिका शेवटी पुन्हा तपासाव्यात आणि नाव झाकून तपासाव्यात.

लेखी गुणांहून अधिक धोका वर्णनात्मक नोंदीत आहे. शिक्षण हक्क कायदा 2009 चा. तो 2010 पासून लागू झाला आणि आपल्याकडे सातत्यपूर्ण सर्वंकष मूल्यमापन आले. कल्पना चांगली होती. मुलाचे वाचन, बोलणे, खेळणे, वागणे सगळेच पाहावे. पण एका शिक्षकाकडे दोन-दोन वर्ग, वरून ऑनलाइन माहिती भरण्याचे काम! तो तरी काय करणार? तयार वाक्यांतून एक उचलतो. 'नीटनेटका राहतो', 'स्वच्छतेकडे लक्ष द्यावे', 'वर्गकार्यात सहभाग कमी'. एका पाड्यावर नळ नाही, तेथील मुलाच्या नावापुढे वर्षानुवर्षे 'स्वच्छतेकडे लक्ष द्यावे' लिहिले जाते. ही मुलाची नोंद नव्हे, ग्रामपंचायतीची नोंद आहे.

आणि आता ते चेहरे. 'तुला शाळा आवडते का?' असा प्रश्न विचारला की उत्तर ठरलेले असते. 2021 च्या राष्ट्रीय पाहणीतही शंभरातील नव्वदाहून जास्त मुलांनी शाळेत यायला आवडते असे सांगितले. मुले खोटे बोलत नाहीत. ज्याच्या घरी दुपारची चूल पेटेलच असे नाही, त्याला खिचडी मिळणारी शाळा आवडतेच. ज्या मुलीला घरी धाकटे भावंड कडेवर घेऊन फिरावे लागते तिला शाळेत बसायला मिळते, एवढेच सुख मोठे असते. घराशी तुलना केली की शाळा हसरीच दिसते. शिवाय खूण करताना वर्गशिक्षक समोर उभा, कागदावर नाव. आपल्यापैकी कोण लहानपणी रडक्या चेहऱ्यावर खूण करण्याची हिंमत दाखवली असती? राष्ट्रीय शैक्षणिक संशोधन परिषदेने 2022 साली सहावी ते बारावीच्या 3 लाख 79 हजारांवर विद्यार्थ्यांना विचारले, तेव्हा नाव लिहिणे ऐच्छिक ठेवले होते. त्या वेळी 81 टक्के विद्यार्थ्यांनी अभ्यास, परीक्षा आणि निकाल हे आपल्या चिंतेचे कारण सांगितले. मुलाला निर्धास्त विचारले तर ते बोलते.

मन दुखावणे ही निकालाहून वेगळी, दुय्यम बाब आहे असे पुष्कळांना वाटते. आधी मुले वाचायला शिकू द्या, सुखदुःखाचे नंतर पाहू, असे आपलेही लोक म्हणतात. याला उत्तर म्हणून कार्ला हॉफ आणि प्रियांका पांडे यांचा उत्तर प्रदेशातील प्रयोग सांगतो. त्यांनी सहावी-सातवीचे 642 मुलगे घेतले, निम्मे 'उच्च' जातींतील आणि निम्मे दलित. मुलांना कागदावरचे चक्रव्यूह सोडवायला दिले. जितके सुटतील तितके पैसे. कोणाची जात जाहीर केली नाही तेव्हा दोन्ही गटांत म्हणण्यासारखा फरक नव्हता. मग दुसऱ्या मुलांच्या बाबतीत सर्वांसमोर नाव, बापाचे नाव, गाव आणि जात वाचून दाखवली. तेवढ्यानेच दलित मुलांचे काम वीस ते पंचवीस टक्क्यांनी घसरले. बुद्धी तीच, चक्रव्यूह तेच, पैसेही तेच. मध्ये फक्त एक हाक आली.

ती हाक मी ओळखतो. मी शिकलो त्या शाळेत दरवर्षी एके दिवशी गुरुजी म्हणायचे, "सवलतीवाले उभे राहा." आम्ही उभे राहायचो. बाकीचे मान वळवून पाहायचे. अर्ज भरणे गरजेचे होते, शिष्यवृत्तीचे पैसे आमच्या हक्काचे होते आणि गुरुजींच्या मनात कदाचित वाईटही नव्हते. पण त्यानंतरच्या तासाला मला आलेले उत्तर मी कधी सांगितल्याचे आठवत नाही. साताऱ्याच्या शाळेत बाळ भीमरावाला गोणपाटावर वेगळे बसावे लागे आणि शिपाई नसला की तहानलेले राहावे लागे. ते गोणपाट आता नाही. उभे राहा म्हणणारा आवाज अनेक ठिकाणी अजून आहे.

तेव्हा चेहऱ्यांचा तक्ता टाकून देऊ नये, प्रश्न बदलावेत. 'आवडते का' ऐवजी घडलेली गोष्ट विचारावी. काल खिचडी खाताना तुझ्या शेजारी कोण बसले होते? पाणी तू स्वतः घेतलेस की कोणी वरून ओतले? या आठवड्यात वर्ग कोणी झाडला, संडास कोणी धुतला? तुझी वही गुरुजींनी हातात घेऊन तपासली की लांबूनच? तुला वर्गात कोणत्या नावाने हाक मारतात? शेवटचा प्रश्न एका वस्तीत कार्यकर्त्यांनी मुलांना विचारला, तर काही मुलांनी स्वतःचे नाव न सांगता वस्तीचे नाव सांगितले. कोणत्याही चाचणीत हे उमटत नाही. शिक्षण हक्क कायद्याचे 17 वे कलम शारीरिक शिक्षेबरोबर मानसिक छळालाही मनाई करते. पण छळ विचारलाच नाही तर सापडणार कसा? तक्रारपेटी मुख्याध्यापकांच्या दारात टांगलेली असली म्हणजे तिच्यात चिठ्ठी टाकणारे मूल सगळ्यांना दिसते.

हे प्रश्न आता तातडीचे झाले आहेत. आठवीपर्यंत कोणाला मागे ठेवायचे नाही ही मूळ तरतूद 2019 च्या दुरुस्तीने सैल झाली आणि 2023 मध्ये महाराष्ट्राने नियम बदलून पाचवी व आठवीला वार्षिक परीक्षा, पुनर्परीक्षा आणि तिच्यातही न जमल्यास त्याच वर्गात ठेवणे परत आणले. म्हणजे दहा-अकरा वर्षांच्या मुलाचा निकाल पुन्हा त्याचे शिक्षण थांबवू शकतो. मागे राहिलेले मूल किती घरांत पुन्हा शाळेत पाठवले जाते आणि किती घरांत कामाला लावले जाते, हे वस्तीतल्या कार्यकर्त्याला मी सांगायला नको.

कागद मागायचे कोठे? शाळा व्यवस्थापन समितीत. खाजगी विनाअनुदानित शाळा सोडल्या तर प्रत्येक शाळेला ती बंधनकारक आहे. तिच्यात तीन चतुर्थांश पालक असावे लागतात, निम्म्या स्त्रिया असाव्या लागतात आणि वंचित घटकांतील पालकांना त्यांच्या प्रमाणात जागा द्यावी लागते. प्रत्यक्षात आपली बाई समितीवर असते आणि वही तिच्या घरी सहीला येते. तिने पुढच्या सभेत पट, हजेरी आणि निकाल हे तिन्ही गटवार मागावेत. तिच्या सोबत वस्तीतील एखादी शिकलेली मुलगी बसली तर आकडे तेथेच ताडून पाहता येतील.

मात्र एक खबरदारी. वर्गात आपली तीनच मुले असतील आणि त्यांची वेगळी ओळ तक्त्यात छापली, तर ती मुले पुन्हा उभी केल्यासारखेच होईल. कोणी काय सांगितले हे पहिल्याच नजरेत कळेल. म्हणून मुलांच्या उत्तरांचे गटवार आकडे एका वर्गाचे मांडू नयेत. तिसरी ते पाचवीचे एकत्र करावेत, तरीही मुले थोडी असतील तर संपूर्ण केंद्रातील शाळांचे मिळून करावेत. प्रश्न विचारायला वर्गशिक्षक नको, त्या शाळेशी संबंध नसलेले कोणी हवे. अध्यापक विद्यालयाचे विद्यार्थी हे काम चांगले करतात. कागदावर नाव नको. आणि मुलांना वर्गात न विचारता बाहेर, झाडाखाली, दोघा-तिघांच्या गटात बसवून विचारावे. लहान मुले सोबत असली की अधिक बोलतात.