विद्यार्थी व्हिसा आणि अर्धवेळ काम : गैरसमज आणि वस्तुस्थिती

परदेशात शिकायला जाणाऱ्या विद्यार्थ्याला यजमान देश जो व्हिसा देतो, तो शिकण्यासाठी दिलेला असतो. त्याबरोबर काही तास काम करण्याची मुभा मिळत असली, तरी ती त्या व्हिसाची एक अट असते, स्वतंत्र हक्क नव्हे, आणि ती किती तासांची, कोणत्या ठिकाणची व वर्षाच्या कोणत्या काळातली, हे प्रत्येक देश आपापल्या कायद्याने ठरवतो. अहिल्यानगर (पूर्वीचा अहमदनगर) जिल्ह्यातील संगमनेर, लोणी, श्रीरामपूर किंवा राहुरीतून परदेशाची वाट धरणाऱ्या मुलामुलींच्या घरी मात्र या मुभेचा हिशोब बऱ्याचदा उलटा मांडला जातो : कर्ज काढून पहिल्या सत्राची फी भरायची आणि पुढचे सगळे ‘पार्ट टाइम करून निघेल’ असे गृहीत धरायचे. बहुतेक गैरसमजांचा उगम या एका गृहीतकात आहे.

हे गृहीतक हवेतून आलेले नाही. कर्मवीर भाऊराव पाटील यांनी १९१९ मध्ये स्थापन केलेल्या रयत शिक्षण संस्थेने श्रम करून शिकण्याला महाराष्ट्रात प्रतिष्ठा मिळवून दिली; संस्थेची महाविद्यालये श्रीरामपूर व कोपरगाव येथे पिढ्यान्‌पिढ्या शिकवत आली आहेत, आणि हा जिल्हा ज्या सावित्रीबाई फुले पुणे विद्यापीठाच्या कार्यक्षेत्रात येतो, त्या विद्यापीठाची ‘कमवा व शिका’ योजनाही येथील महाविद्यालयांना परिचित आहे. ग्रंथालयात, कार्यालयात किंवा बागेत रोज काही तास काम करायचे, तासाप्रमाणे मानधन घ्यायचे आणि त्यातून खानावळीचा व पुस्तकांचा खर्च भागवायचा, ही ती रीत होय. तेथे काम देणारी संस्था शिकवणारीच असते, फी आवाक्यातली असते आणि विद्यार्थी आपल्याच देशाचा नागरिक असतो. परदेशात या तिन्ही गोष्टी बदलतात, तरी घरातली अपेक्षा जुन्या अनुभवावरच बेतलेली राहते.

‘विद्यार्थी आहे म्हटल्यावर थोडे काम करायला कोण अडवणार’ असे ज्यांना वाटते, त्यांनी आपल्याच देशाचा नियम पाहावा. उद्या आफ्रिकेतील एखादा तरुण राहुरीच्या महात्मा फुले कृषी विद्यापीठात शिकायला आला, तर भारताचा विद्यार्थी व्हिसा त्याला अर्धवेळ नोकरीची परवानगी देत नाही; व्हिसा १८० दिवसांहून अधिक मुदतीचा असल्यास त्याला आल्यापासून १४ दिवसांच्या आत परकीय नागरिक म्हणून नोंदणी मात्र करावी लागते. इतर देश आठवड्याला वीस-चोवीस तासांची मुभा देतात, ती त्यांची सवलत आहे आणि ते ती कमी-जास्त करू शकतात.

सर्वांत महाग पडणारा गैरसमज पैशांचा आहे. व्हिसा देण्यापूर्वी जवळजवळ प्रत्येक देश विद्यार्थ्याकडे राहण्या-खाण्याचा खर्च आधीच उपलब्ध असल्याचा पुरावा मागतो आणि तेथे जाऊन मिळवायचे संभाव्य वेतन त्या पुराव्यात धरत नाही. जर्मनीत त्यासाठी सहसा ‘ब्लॉक्ड अकाउंट’ म्हणजे बंदिस्त खाते उघडून वर्षाचे ११,९०४ युरो आधी भरावे लागतात आणि तेथे पोहोचल्यावर त्यातून दरमहा ९९२ युरोच काढता येतात. कॅनडाने एका विद्यार्थ्यासाठीची रक्कम १ जानेवारी २०२४ रोजी १०,००० डॉलरांवरून २०,६३५ डॉलरांवर नेली आणि १ सप्टेंबर २०२५ पासून ती २२,८९५ केली; ही रक्कम फी आणि प्रवासखर्च यांहून वेगळी. ऑस्ट्रेलियाचा आकडा मे २०२४ पासून २९,७१० ऑस्ट्रेलियन डॉलर आहे. हे आकडे म्हणजे ‘खात्यावर दाखवायचे पैसे’ आहेत, अशी समजूत करून घेऊन नातेवाइकांकडून उसनवार रक्कम आणली जाते आणि व्हिसा हाती पडताच ती परत केली जाते. पण त्या आकड्यांत यजमान सरकारने तेथील जगण्याचा किमान खर्चच सांगितलेला असतो, म्हणून तो खर्च टळत नाही, फक्त पुढे ढकलला जातो.

ब्रिटनचे उदाहरण घेतले, तर हा हिशोब कागदावर करून पाहता येतो. एप्रिल २०२५ मध्ये तेथे २१ वर्षे व त्यापुढील कामगाराचे किमान वेतन तासाला १२.२१ पौंड झाले. पदवी किंवा त्यावरील अभ्यासक्रमाच्या विद्यार्थ्याला सत्र चालू असताना आठवड्याला कमाल २० तास काम करता येते, म्हणजे त्या दराने एकही आठवडा न चुकवता पूर्ण तास भरले, तरी आठवड्याचे २४४ पौंड आणि महिन्याचे सरासरी सुमारे १,०५८ पौंड हाती येतील. याउलट लंडनबाहेर राहणाऱ्या विद्यार्थ्याच्या निर्वाहासाठी ब्रिटिश सरकारने नोव्हेंबर २०२५ पासून धरलेला मासिक खर्च १,१७१ पौंड आहे. कायद्याने परवानगी दिलेले सगळे काम किमान वेतनावर केले, तरी निर्वाहाचा सरकारी आकडादेखील गाठला जात नाही, मग फीचा आणि गावाकडच्या कर्जाच्या हप्त्याचा प्रश्न कोठून सुटणार? शिवाय परवानगी म्हणजे नोकरी नव्हे. पहिले काम मिळेपर्यंतचे आठवडे किंवा महिने या हिशोबात धरलेलेच नाहीत.

तासांच्या मोजणीविषयीचे गैरसमज दिसायला किरकोळ, पण परिणामाने गंभीर आहेत. ‘सरासरी वीस तास भरले की झाले’ हा त्यांतला पहिला. ब्रिटनमध्ये आठवडा सोमवार ते रविवार असा धरला जातो आणि सरासरी काढली जात नाही. एका आठवड्यात २५ तास आणि पुढच्या आठवड्यात १५ तास काम करणाऱ्याने पहिल्या आठवड्यातच अट मोडलेली असते. ऑस्ट्रेलियात मर्यादा पंधरवड्याला ४८ तासांची आहे, आणि तेथे पंधरवडा म्हणजे कोणत्याही सोमवारी सुरू होणारे चौदा दिवस, त्यामुळे प्रत्येक आठवडा मागच्या आणि पुढच्या अशा दोन्ही पंधरवड्यांत मोजला जातो. लागोपाठच्या तीन आठवड्यांत १४, ३० आणि २० तास काम केल्यास पहिल्या जोडीची बेरीज ४४ होते आणि ती नियमात बसते, मात्र दुसऱ्या जोडीची बेरीज ५० होऊन मर्यादा ओलांडली जाते. जर्मनीने मार्च २०२४ पासून वर्षाला १४० पूर्ण दिवस किंवा २८० अर्धे दिवस अशी पद्धत ठेवली आहे. सुट्टीत पूर्णवेळ काम चालते हे बहुतेक देशांबाबत खरे असले, तरी सुट्टी कोणती हे विद्यापीठ ठरवते. ब्रिटनमधील एक वर्षाच्या पदव्युत्तर अभ्यासक्रमात उन्हाळ्याचे महिने प्रबंधलेखनाचे असल्यामुळे ते सहसा सत्रातच मोडतात.

काम कशाला म्हणावे, याबाबतही गोंधळ आहे. मालकाने पगार रोख दिला म्हणून ते तास मर्यादेबाहेर जात नाहीत. उलट अशा कामात विद्यार्थ्याकडे वेतनाची पावती नसते, पैसे बुडाले तर दाद मागण्याची सोय कमी होते आणि अट मोडल्याचा धोका तसाच राहतो. ब्रिटनमध्ये विद्यार्थ्याला स्वयंरोजगार, म्हणजे कोणाचा नोकर न होता स्वतःच्या नावाने व्यवसाय करणे, पूर्णपणे वर्ज्य आहे, आणि ॲपवरून जेवण पोहोचवण्याचे काम सहसा याच सदरात येत असल्याने ते दहा तासच केले तरी चालत नाही. ऑस्ट्रेलियात तेच काम करता येते, परंतु त्याचे तास मर्यादेत धरले जातात. वसतिगृहाच्या खोलीत बसून पुण्यातील कंपनीचे काम करणे ब्रिटन आपल्या वीस तासांत मोजते, तर कॅनडाबाहेरील मालकासाठी दूरस्थ पद्धतीने केलेले काम कॅनडा आपल्या मर्यादेत मोजत नाही. एका देशाचा नियम दुसऱ्या देशाला लावून सल्ला देणारे एजंट नेमके येथेच चुकतात.

अमेरिकेची व्यवस्था सर्वांहून निराळी आहे आणि गंमत अशी की, ‘कमवा व शिका’च्या कल्पनेला तीच सर्वाधिक जवळची आहे. एफ-१ व्हिसावरील विद्यार्थ्याला सत्रकाळात आठवड्याला २० तासांपर्यंत विद्यापीठाच्या आवारात काम करता येते. ग्रंथालय, प्रयोगशाळा, तसेच विद्यार्थ्यांसाठी आवारात चालणारे खासगी उपाहारगृह यांतील कामे त्यात येतात, मात्र अध्यापन साहाय्यकाचे काम वीस तासांचे असेल, तर सत्रकाळात दुसऱ्या कामाला जागाच उरत नाही. आवाराबाहेरच्या पेट्रोल पंपावर किंवा मोटेलमध्ये काम करायला सर्वसाधारण मुभा नाही. पहिल्या शैक्षणिक वर्षानंतर अनपेक्षित व तीव्र आर्थिक अडचण सिद्ध झाल्यास स्वतंत्र परवाना मागता येतो, पण तो आपोआप मिळत नाही. अभ्यासक्रमाचा भाग असलेले प्रशिक्षण, ज्याला सीपीटी म्हणतात, त्याची नोंद विद्यापीठातील नियुक्त अधिकारी विद्यार्थ्याच्या आय-२० या पात्रता-प्रमाणपत्रावर करतो. अभ्यासविषयाशी संबंधित बारा महिन्यांचे प्रशिक्षण, म्हणजे ओपीटी, बहुतेक जण शिक्षण संपल्यावर घेतात आणि त्यासाठी कामाच्या परवान्याचे वेगळे कार्ड लागते. ओपीटीच्या भरवशावर शिकत असतानाच बाहेर काम धरणे म्हणजे विद्यार्थी म्हणून असलेला दर्जा गमावण्याची वेळ ओढवून घेणे होय. एफ-२ व्हिसावर सोबत गेलेल्या पती किंवा पत्नीला तर नोकरी करताच येत नाही.

‘मामेभाऊ तिकडे आठवड्याला चाळीस तास काम करत होता’ हे वाक्य खोटे असेलच असे नाही. ते जुने असते. कॅनडाने १५ नोव्हेंबर २०२२ ते ३० एप्रिल २०२४ या काळात आवाराबाहेरील कामावरची तासांची मर्यादा तात्पुरती उठवली होती, त्याआधी ती २० तास होती आणि ८ नोव्हेंबर २०२४ पासून २४ तास आहे. ऑस्ट्रेलियातही महासाथीच्या काळातील सूट ३० जून २०२३ रोजी संपली. ब्रिटनमध्ये जानेवारी २०२४ पासून अध्यापनाधारित पदव्युत्तर अभ्यासक्रमाच्या नव्या विद्यार्थ्यांना जोडीदार सोबत नेता येत नाही, त्यामुळे ‘एक शिकेल, दुसरा कमावेल’ ही योजनाही तेथे मोडीत निघाली. जर्मनीबाबतही गल्लत नको : फेब्रुवारी २०२४ मध्ये महाराष्ट्र शासनाने जर्मनीतील बाडेन-व्युर्टेम्बर्ग राज्याशी केलेला करार कुशल कामगारांसाठी आहे. विद्यार्थी व्हिसावरील कामाच्या मर्यादेशी त्याचा काही संबंध नाही.

नियम मोडल्यास भुर्दंड फक्त विद्यार्थ्याला पडतो, हेही खरे नाही. ब्रिटनमध्ये फेब्रुवारी २०२४ पासून परवानगी नसलेल्या व्यक्तीला कामावर ठेवणाऱ्या मालकाला पहिल्या वेळी प्रत्येक कामगारामागे ४५,००० पौंडांपर्यंत दंड होऊ शकतो, म्हणून रीतसर मालक कागद तपासल्याशिवाय कामावर घेत नाही, आणि जो तपासत नाही त्याच्याकडे काम करण्यात धोका आहे हे विद्यार्थ्याने ओळखावे. विद्यार्थ्याच्या बाबतीत मात्र व्हिसा रद्द होणे, शिक्षण अर्धवट सुटणे आणि पुढच्या प्रत्येक अर्जात त्याचा खुलासा करावा लागणे, एवढे सगळे पणाला लागते. म्हणून शिक्षणकर्जाच्या कागदांवर सही करण्यापूर्वी कुटुंबाने पूर्ण अभ्यासक्रमाचे अंदाजपत्रक अर्धवेळ उत्पन्न शून्य धरून मांडावे, संबंधित देशाच्या सरकारी संकेतस्थळावरील त्या वर्षाचा नियम स्वतः वाचावा, आणि तेथे पोहोचल्यावर पहिले काम स्वीकारण्याआधी विद्यापीठातील परदेशी विद्यार्थी कार्यालयाकडून ते आपल्या व्हिसात बसते का, याची लेखी खातरजमा करून घ्यावी.