साठ नाईट

गेले होते धरण बघायला. पावसाळ्यात गोसीखुर्दचे 33 दरवाजे उघडले की बातमी होते. नोव्हेंबरात ते बंद असतात आणि वैनगंगा त्यांच्यामागे तळ्यासारखी पसरून गप्प पडलेली असते. बघण्यासारखं फार काही नव्हतं म्हणून टपरीवर चहाला थांबले, तर भिंतीवर पोस्टर. शेजारच्या गावात मंडईच्या जत्रेनिमित्त तीन अंकी नाटक. लेखक, दिग्दर्शक, निर्माता, सगळ्यांची नावं ठसठशीत. फोटो मात्र सर्वांत मोठा एका नाचणाऱ्या बाईचा, आणि त्याखाली नावाच्या जागी चार शब्द : 'सोबत लावणी डान्सरचा जलवा'.

"हे कोण?" मी विचारलं.

"इथलीच हाय जी," चहावाला म्हणाला. "पुनर्वसनात राहते."

राजीव गांधींनी 1988 साली या धरणाची पायाभरणी केली. नंतर पाणी चढत गेलं तशी काठची गावं उठून नव्या गावठाणांत गेली. अशाच एका गावठाणात तिचं घर. दुपारचे बारा वाजले होते, ती नुकतीच उठली होती. दारातच बामाचा वास आला. डाव्या घोट्याला पट्टी, मांडीवर शिवलेली नऊवारी, आणि तिच्या काठाला ती टाके घालत होती. मोबाइल कानाला, खांद्याने दाबलेला.

"मी नाचतो पंधरा मिनिटं," फोन ठेवून ती म्हणाली, "बाकी दिवसभर मुनीमगिरी करतो." इकडच्या झाडीपट्टीतल्या बाया स्वतःबद्दल 'मी करतो, मी जातो' असंच बोलतात. तिच्या तोंडी ते फारच शोभलं.

भंडारा, गोंदिया, चंद्रपूर, गडचिरोली ही झाडीपट्टी. धान निघालं की इथे नाटकांचा हंगाम सुरू होतो तो होळीपर्यंत. कंपन्यांचं मुख्य ठाणं वडसा. नटनट्या कंपनीच्या असतात, पण ही कोणाचीच नाही. ज्याची तारीख, त्याची ती. हिशेब नाईटचा, म्हणजे प्रयोगाच्या रात्रीचा. "60 नाईट झाले त साल निघते," ती म्हणाली, आणि त्या दुपारी हा आकडा मी तिच्याकडून निदान पाच वेळा ऐकला. घोटा मुरगळला तेव्हा 60 नाईट झाले नाहीत. कोरोनात तर एकही नाही. शंकरपटांवर, म्हणजे बैलांच्या शर्यतींवर, बंदी होती तेव्हाही 60 जुळणं कठीण, कारण जिथे पट तिथे रात्री नाटक, आणि पट नाही तर तिकीट काढणारी गर्दी कुठून आणायची? उरलेल्या दिवसांत रोवणी, तेंदूपत्ता, शेजारणींचे ब्लाउज.

तिची वही बघितली. तारीख, गाव, कंपनी, ॲडव्हान्स, बाकी. पुढे गाडी कोणाची आणि कुठून उचलणार. गाणी पेन ड्राइव्हवर, तीच मोबाइलवर, तीच शेजारच्या पोराच्या मोबाइलवर. मेकअप, गजरा, घुंगरांचे पट्टे, साडी, घोट्याचं औषध, सगळं तिच्या पदरचं. आजारी पडली तर बदली डान्सर तिनेच शोधून द्यायची. (युरोपातल्या बॅले नर्तकीही बुटांच्या फिती स्वतःच शिवतात असं वाचलं होतं. तेव्हा ते हौसेचं वाटलं होतं.) ज्येष्ठ कलावंतांना सरकार मानधन देतं, पण त्याला वयाची पन्नाशी लागते. ती पस्तिशीची. पन्नाशीपर्यंत घोटा टिकवायचा कसा, हे कुठल्या अर्जात लिहिलेलं नाही.

वडील खडी गंमतीत नाच्या होते. उभ्याने करायची म्हणून खडी गंमत. लुगडं नेसून रात्रभर नाचायचे आणि सकाळी बांधीत नांगर धरायचे. "त्यांना लोक नावानं ओळखत," ती म्हणाली आणि टाका तोडला.

दोन दिवसांनी तिच्यासोबत नाटकाला गेले. धान कापलेल्या बांधीत मंडप, कनाती, पुढे चटया, मागे खुर्च्या, शेंगदाण्याच्या गाड्या. थंडी अशी की तोंडातून वाफ निघत होती. ती मात्र आल्या आल्या पडद्यामागून सरळ रिकाम्या रंगमंचावर गेली, खाली बसली आणि दोन्ही तळहात फळ्यांवर फिरवू लागली. सावकाश, इंच इंच, भाकरी थापल्यासारखं. वर सतरंजी अंथरली की खालचा खिळा दिसत नाही, तळपायालाच कळतो. एका जागी हात थांबला. नाटक ठेवणाऱ्या गावच्या मंडळाच्या पोराला तिने हातोडी मागितली. "होऊन जाईल ना ताई," म्हणत तो माइककडे गेला. तिने बाहेरून दगड आणला आणि खिळा स्वतः ठोकला. मग पुन्हा तळहात फिरवला. तिच्या उजव्या तळव्यावर दोन जुने ओरखडे आहेत. घरी मला वाटलं होतं, विळ्याचे असतील.

नाटकात कर्जबाजारी शेतकरी, दुष्ट सावकार, पश्चात्ताप. नट जीव तोडून काम करत होते, ऑर्गनवाला तर फारच गोड वाजवत होता. दुसऱ्या अंकानंतर तिची लावणी. शिट्ट्या सुरू झाल्या. माइकवरून बक्षिसं जाहीर होऊ लागली : अमक्या पाटलांकडून डान्सरला शंभर रुपये, तमक्या सरपंचांकडून दोनशे. देणाऱ्यांची नावं दोन-दोनदा. वन्समोअर झाला. मी गाणं ऐकत नव्हते, तिच्या डाव्या घोट्याकडे आणि खिळ्याच्या त्या जागेकडे बघत होते. त्या जागेवर तिने एकदाही पाय टाकला नाही. ठोकलेल्या खिळ्यावरही तिचा भरवसा नव्हता.

नाटक संपलं तेव्हा उजाडत आलं होतं. कनाती सुटू लागल्या, बायका झोपलेली लेकरं खांद्यावर टाकून निघाल्या. ती मॅनेजरच्या खुर्चीशी उभी. त्याने नोटा मोजल्या, पुन्हा मोजल्या, म्हणाला तिकीट कमी गेलं, राहिलेले पुढच्या तारखेला देतो. तिने वाद घातला नाही. पुढची तारीख त्याच्याच हातात होती.

गाडीत बामाचा वास, कोणाच्या तरी घोरण्याचा आवाज. तिने मोबाइलच्या उजेडात वही काढली. त्या रात्रीपुढे 9 हा आकडा लिहिला, आणि शेजारी कंसात 'पैसे बाकी'. तेवढ्यात फोन वाजला. लाखांदूरकडचं कोणीतरी होतं.

"येतो ना जी," ती म्हणाली. "फळ्या नव्या हायेत का जुन्या?"