थडग्याच्या गावचा फोटोग्राफर

अमेरिकेत मेक्सिकोच्या सरहद्दीलगत ॲरिझोनाचे वाळवंट आहे. १८७७ साली एड शिफेलिन नावाचा माणूस तेथे खनिज शोधीत हिंडू लागला. त्या रानात तुला स्वतःच्या थडग्याचा दगडच सापडेल, असे सैनिकांनी त्याला बजावले होते म्हणतात. सापडली मात्र चांदी! त्याने खाणीला नाव दिले 'टूमस्टोन', म्हणजे थडग्याचा दगड. तेच गावालाही चिकटले.

१८७९ च्या डिसेंबरात कॅमिलस फ्लाय आणि त्याची बायको मॉली या गावी आली. आधी तंबू ठोकला, मग उतारूंसाठी खोल्या बांधल्या आणि मागे फोटोचा स्टुडिओ. मॉली स्वतःही फोटो काढी. नवरा कॅमेरा घेऊन रानोमाळ गेला की खोल्या आणि स्टुडिओ दोन्ही तीच सांभाळायची. तिचे नाव मात्र फार थोड्यांना ठाऊक असते.

२६ ऑक्टोबर १८८१ रोजी याच घराशेजारच्या मोकळ्या जागेत ती प्रसिद्ध चकमक झाली. अर्ध्या मिनिटात तीन माणसे ठार! गंमत अशी, की फोटोग्राफरच्या दारातल्या या चकमकीचा एकही फोटो नाही.

फ्लायचे खरे मोठे काम १८८६ चे. अपाची लोकांचा जेरोनिमो आपल्या मुलुखासाठी झुंजत होता. मार्च महिन्यात मेक्सिकोतल्या एका घळीत जनरल क्रुकशी त्याची बोलणी ठरली, तेव्हा फ्लायही सामान घेऊन हजर झाला. पूर्वी फोटोची काच ओली असतानाच सारे काम उरकावे लागे. वाळवंटात ती केव्हाच सुकायची. १८८० च्या सुमारास तयार कोरड्या काचा विकत मिळू लागल्या, म्हणून रानातले काम सोपे झाले. तरीही काच ती काचच. दहा इंच लांब, आठ इंच रुंद, आणि वाट डोंगराची!

समोर हत्यारबंद योद्धे, तह अजून व्हायचाच होता. अशा वेळी हा गृहस्थ त्यांना खुशाल सांगतो, जरा असे सरका, मान इकडे वळवा. त्याच्या धीटपणाचे क्रुकच्या अधिकाऱ्यालाही नवल वाटले. अमेरिकेशी लढाई चालू असतानाचे, शरण येण्याआधीचे अपाची आपल्याला दिसतात ते या फोटोंतच.

त्यातला एक फोटो शिक्षकांनी वर्गात जरूर दाखवावा. अपाची मुलांच्या घोळक्यात एक गोरा मुलगा उभा आहे. जिमी मॅकिन त्याचे नाव; आदल्या वर्षी त्याला पळवून नेले होते. सोडवायला माणसे आली तेव्हा तो रडू लागला, म्हणे मला जायचे नाही. आणि हे म्हणाला तेही अपाची भाषेत.

ती बोलणी फिसकटली. जेरोनिमो पुन्हा निसटला, सप्टेंबरात शरण आला, आणि १९०९ साली कैदेतच वारला. मायभूमी त्याला पुन्हा मिळाली नाही. इकडे खाणींत पाणी भरले, गाव ओसरले, आणि १९०१ साली फ्लायही गेला. मॉलीने स्टुडिओ चालू ठेवला. १९०५ साली तिने ते फोटो पुस्तकरूपाने काढले. पुस्तकाच्या नावातच जेरोनिमोला 'दरोडेखोर आणि खुनी' म्हटले आहे. आत पाहावे तर बायकापोरांसह बसलेली, थकलेली माणसे दिसतात.