ओलावा-मापक यंत्रांची ओळख आणि चिपमधील मूळ क्रमांक

पिकास नेमके पाणी देता यावे म्हणून जमिनीतील ओलावा मोजून तो बिनतारी मार्गाने कळविणारी लहान यंत्रे आता शेतांत दिसू लागली आहेत. यंत्र एकच असेपर्यंत त्याच्या ओळखीचा प्रश्न उद्भवत नाही. परंतु निरनिराळ्या गटांत आठ-दहा यंत्रे बसविली गेली, म्हणजे कोणता आकडा कोणत्या शेताचा हे निश्चित कळणे अगत्याचे ठरते. भारी काळ्या जमिनीतील यंत्राचा आकडा हलक्या मुरमाड जमिनीचा समजला गेला, तर ओल असलेल्या जागी पाणी सुटते आणि तहानलेले पीक तसेच राहते. अशा वेळी यंत्र बिघडलेले नसते व आकडाही खोटा नसतो. केवळ त्याचे ठिकाण चुकलेले असते. ही चूक टाळण्याचे साधन यंत्राच्या आतच असते.

कारखान्यात घातलेला क्रमांक

अशा अनेक यंत्रांत ईएसपी ८२६६ अथवा ईएसपी ३२ ही चिप वापरलेली असते. शांघाय येथील एस्प्रेसिफ या कंपनीने पहिली २०१४ साली व दुसरी २०१६ साली बाजारात आणली. लहानसा संगणक आणि वायफाय यांची जोड एकाच चिपमध्ये असल्याने ती स्वस्त पडते. कारखान्यातून बाहेर पडण्यापूर्वीच प्रत्येक चिपमध्ये एक स्वतंत्र क्रमांक घातला जातो. त्यास मॅक पत्ता म्हणतात. ईएसपी ३२ मध्ये तो ई-फ्यूज नावाच्या भागात असतो. या भागात एकदा उमटविलेली खूण पुन्हा पुसता येत नाही. म्हणून बॅटरी संपली किंवा जुना प्रोग्रॅम काढून नवा भरला, तरी हा क्रमांक कायम राहतो. डब्यावर चिकटविलेली चिठ्ठी मात्र एका पावसाळ्यात निघून जाते.

गाई-म्हशींच्या कानातील १२ अंकी बिल्ला पशुपालकांच्या परिचयाचा आहे. मॅक पत्ताही १२ स्थानांचाच असतो. मात्र त्यात ० ते ९ या अंकांबरोबर ए ते एफ ही सहा इंग्रजी अक्षरेही येतात. पहिली सहा स्थाने उत्पादकाची खूण दर्शवितात. ही खूण आय-ट्रिपल-ई या संस्थेकडून मिळते. उदाहरणार्थ, '२४:०ए:सी४' ही एस्प्रेसिफच्या अनेक खुणांपैकी एक होय. उरलेली सहा स्थाने उत्पादक प्रत्येक चिपला वेगळी देतो. एका खुणेखाली असे १,६७,७७,२१६ निरनिराळे क्रमांक होऊ शकतात.

अर्धा क्रमांक घेण्यातील धोका

क्रमांक लांब आहे म्हणून प्रोग्रॅम लिहिणारे पुष्कळदा त्याचा एक तुकडाच नाव म्हणून घेतात. ईएसपी ८२६६ मध्ये चिप क्रमांक म्हणून मिळणारा आकडा हा मॅक पत्त्याच्या शेवटच्या सहा स्थानांचाच असतो. तेथे हा तुकडा बहुधा पुरेसा पडतो. परंतु ईएसपी ३२ साठी आर्डुइनो पद्धतीने प्रोग्रॅम लिहिला, तर क्रमांकाच्या जोड्या उलट क्रमाने हाती येतात. तेव्हा जुन्या सवयीने शेवटची सहा स्थाने घेतली, तर हाती लागते ती उत्पादकाची खूण. आणि ती तर असंख्य चिपांवर एकच असते! एका दुकानातून एकत्र आणलेल्या दहा यंत्रांनी एकच नाव सांगावे, असा प्रकार यातून घडतो.

निरोप पाठविण्यासाठी एमक्यूटीटी ही पद्धत वापरली असेल, तर याचे लक्षण स्पष्ट दिसते. या पद्धतीत एका नावाचे एकच यंत्र सर्व्हरशी जोडलेले राहू शकते. त्याच नावाचे दुसरे यंत्र आले की सर्व्हर पहिल्याची जोडणी तोडतो. पहिले पुन्हा जोडणी करू लागले की दुसरे तुटते. दोन यंत्रे अशी आळीपाळीने चालू-बंद होत असल्यास बॅटरीला अथवा वायफायला दोष देण्यापूर्वी दोघांची नावे ताडून पाहावीत. पूर्ण १२ स्थानांचा क्रमांक घेणे हाच यावरील सोपा उपाय होय.

आणखी एक गोष्ट ध्यानात ठेवावी. ईएसपी ३२ मध्ये यंत्र वायफायला जोडले जाते ते मूळ क्रमांकाने. यंत्राने स्वतःचे वायफाय सुरू केल्यास तेथे क्रमांक एकने वाढलेला दिसतो आणि ब्लूटूथवर तो दोनने वाढलेला असतो. नोंद मूळ क्रमांकाचीच करावी.

नोंद कशी ठेवावी

१) यंत्र शेतात नेण्यापूर्वी ते संगणकास जोडून क्रमांक वाचून घ्यावा व नोंदवहीत पूर्ण लिहावा. या क्रमांकात 'ओ' हे अक्षर कधीच नसते. तसे दिसल्यास ते शून्य समजावे. फोनवर सांगताना 'बी' व 'डी' यांची गफलत होते, म्हणून क्रमांक दोनदा वाचून दाखवावा.

२) क्रमांकासमोर गट क्रमांक, नेमके ठिकाण, मापक किती खोल पुरला ती खोली आणि बसविल्याची तारीख लिहावी. कोरड्या व ओल्या मातीत मापकाने दाखविलेले आकडेही नोंदवावेत. कारण ते प्रत्येक मापकाचे वेगळे असतात.

३) शेताचे नाव चिपमध्ये पक्के घालू नये. ठिकाण व क्रमांक यांची सांगड नोंदवहीतच ठेवावी. यंत्र बदलले तर जुनी ओळ न खोडता तिच्यासमोर काढल्याची तारीख लिहावी आणि नव्या क्रमांकाची ओळ सुरू करावी.

४) यंत्र बसविल्यावर मापकाजवळ तांब्याभर पाणी ओतावे आणि नोंदीप्रमाणे त्याच ठिकाणाचा आकडा बदलतो की नाही हे पाहावे. दुसऱ्याच ठिकाणाचा आकडा बदलला, तर चूक त्याच दिवशी सापडते.

क्रमांक म्हणजे कुलूप नव्हे

हा क्रमांक यंत्राची ओळख देतो, त्याच्या खरेपणाची हमी देत नाही. वायफायवरील प्रत्येक निरोपासोबत तो उघडपणे जातो आणि दुसऱ्या यंत्रास प्रोग्रॅमच्या साहाय्याने तोच क्रमांक धारण करता येतो. यास्तव क्रमांक ओळखीचा आहे एवढ्यावरून पंप सुरू करण्याचा किंवा व्हॉल्व्ह उघडण्याचा हुकूम मानला जाऊ नये. त्यासाठी प्रत्येक यंत्रास वेगळा गुप्त संकेत देण्याची व्यवस्था विक्रेत्याकडून करून घ्यावी.

गावपातळीवरील कार्यकर्त्यांनी यंत्रे बसविताना ही नोंदवही शेतकऱ्याच्या हाती द्यावी आणि पहिल्या काही ओळी त्याच्याकडूनच लिहून घ्याव्यात. एखाद्या रात्री यंत्र मुके झाले, तर कोणत्या गटात जाऊन पाहावयाचे हे त्या एका पानावरून त्यास तत्काळ कळेल.