कूलंट सारखं कमी होतंय? घाट चढण्याआधी हेड गॅस्केट तपासा

एकलहरे : मुंबईला भाजी पोहोचवून परतताना कसारा घाट चढायचा असतो. दर दोन-चार दिवसांनी कूलंट कमी होतं, गाडीखाली डाग मात्र नाही, अशी गाडी नुसतं पाणी ओतून दामटू नये.

आधी स्वस्तातलं पाहा. रेडिएटरचं झाकण, होजपाईप, वॉटर पंप. बरेचदा दुखणं इथेच निघतं. हे ठीक असेल तर संशय हेड गॅस्केटवर. इंजिनचा ब्लॉक आणि हेड यांच्यामधलं हे पातळ गॅस्केट फुटलं की कूलंट सिलिंडरमध्ये शिरतं, वाफ होऊन सायलेन्सरमधून जातं. थंडीत सकाळी थोडी वाफ दिसणारच. इंजिन तापल्यावरही गोडसर वासाचा पांढरा धूर येत राहिला तर मेकॅनिक गाठा. ऑइलची पट्टी काढा. ऑइल दुधाच्या चहासारखं दिसलं तर गाडी सुरूच करू नका. पण ऑइल स्वच्छ आहे म्हणजे गॅस्केट शाबूत, असंही नाही. इंजिन पूर्ण थंड असताना झाकण उघडून गाडी सुरू करा. बुडबुडे थांबतच नसतील तर सिलिंडरमधला गॅस पाण्यात येतोय. गरम इंजिनचं झाकण मात्र कधीच उघडू नका, उकळतं पाणी थेट तोंडावर उडतं.

घाटात काटा वर गेला की बाजूला घेऊन इंजिन बंद करा. तसंच रेटलं तर हेड वाकतं, मग नुसतं गॅस्केट बदलून भागत नाही. हेड उतरवून मशीनवर घासून घ्यावं लागतं.