अठरा तासांचा उन्हाळा

सकाळी 7 : ऑस्ट्रेलियातल्या टाउन्सव्हिलसमोरच्या मॅग्नेटिक बेटापाशी होडी नांगरली. परवान्यात आहेत तेवढेच प्रवाळाचे तुकडे घ्यायचे. ॲक्रोपोराच्या प्रत्येक वसाहतीच्या चार फांद्या, बोटाएवढ्या. त्यांचा तपकिरी रंग मुख्यतः पेशींत राहणाऱ्या सूक्ष्म शैवालाचा. प्रवाळाच्या ऊर्जेचा मोठा वाटा, कधी कधी 90 टक्क्यांपर्यंत, हेच शैवाल पुरवतं.

11 : एकेक फांदी एकेका टाकीत. पहिल्या टाकीचं पाणी सर्वांत उष्ण महिन्याच्या सरासरीइतकंच राहील. बाकीच्या तीन टाक्या 3, 6 आणि 9 अंशांनी वर जातील.

दुपारी 1 : हीटर सुरू. अठरा तासांचा कृत्रिम उन्हाळा इथून मोजायचा. तापमान तीन तास चढवायचं, पुढचे तीन तास तिथंच धरून ठेवायचं.

4 : सर्वांत गरम टाकीत प्रवाळाचे स्पर्शक आत ओढलेले, फांदीवर चिकट स्राव. उष्णतेनं शैवालाचं प्रकाशसंश्लेषण बिघडतं, घातक ऑक्सिजन-संयुगं साचतात आणि प्रवाळ शैवालाला बाहेर काढतं. हेच विरंजन. पण सगळी शैवालं सारखी नसतात. ड्युरुस्डिनियम ताप सोसतं. केपेल बेटांवरून इथं आणलेल्या काही प्रवाळांनी विरंजनानंतर तेच स्वीकारलं आणि त्यांची सहनशक्ती 1 ते 1.5 अंशांनी वाढली, असं बर्कलमन्स आणि व्हॅन ओपन या संशोधकांनी 2006 मध्ये दाखवलं. त्याची किंमतही आहे : मॅग्नेटिक बेटावरच्याच एका प्रयोगात क्लॅडोकोपियम हे दुसरं शैवाल बाळगणारी प्रवाळाची पिल्लं ड्युरुस्डिनियम बाळगणाऱ्यांपेक्षा दोन-तीन पट वेगानं वाढली होती.

संध्याकाळी 7 : दिवे बंद. पाणी पुन्हा मूळ तापमानावर आणायचं.

रात्री 8 : तासभर अंधारात ठेवलेल्या फांदीवर, प्रकाशसंश्लेषणाची क्षमता मोजणाऱ्या फ्लुरोमीटरची तार धरायची. निरोगी शैवालाचा आकडा साधारण 0.6 ते 0.7 येतो, होरपळलेल्याचा कोसळतो. शेजारशेजारच्या वसाहतींचे आकडेही वेगळे निघतात, आणि आम्हाला नेमका तोच फरक हवा असतो.

दुसऱ्या दिवशी सकाळी 7 : शेवटचे नमुने द्रवरूप नायट्रोजनमध्ये. कुठल्या फांदीत कुठलं शैवाल होतं, हे डीएनएवरून कळेल.

सोशिक शैवालामुळे प्रवाळाला थोडी मुदत मिळते, अभय मिळत नाही. 2016 ते 2024 या काळात ग्रेट बॅरिअर रीफवर पाच वेळा मोठं विरंजन झालं. दीड अंशाची ही मुदत संपण्याआधी कोळसा आणि तेल जाळणं आपणच कमी केलं पाहिजे. ते काम कुठलंही शैवाल करणार नाही.