टोपलीसकट गाडीत

बचत गटाच्या बैठकीत आपला निम्मा वेळ कुठे जातो? कर्जाच्या हप्त्यात नाही, तर गाडीच्या गोष्टीत. बाजाराच्या दिवशी गाडी वेळेवर आली नाही. आली ती भरून आली. थांबली तर पाटी बघून म्हणाली, "मावशी, ओझं नाही चालणार." म्हणून आज आम्ही गाड्यांबद्दलच बोलणार आहोत, पण गाव लांबचं घेणार आहोत. दक्षिण अमेरिकेत बोलिव्हिया नावाचा देश आहे. त्या देशाचं सरकार जिथून चालतं, त्या ला पाझ शहरात माणसं कशी पोचतात, ते बघू.

आधी शहर कसं आहे ते डोळ्यांसमोर आणा. एक खोल परात घ्या. परातीच्या तळाला आणि उतारावर घरंच घरं, ते ला पाझ. परातीच्या काठावर सपाट माळ, तिथे दुसरं मोठं शहर, एल आल्तो. आपलं कळसूबाई 1,646 मीटर उंच. ला पाझ साधारण 3,600 मीटरवर, म्हणजे कळसूबाईच्या दुपटीहून उंच, आणि एल आल्तो त्याच्याही वर, 4,000 मीटरच्या पुढे. एल आल्तोत बहुतेक वस्ती आयमारा लोकांची. खेड्यांतून कामासाठी आलेली ही कष्टकरी माणसं रोज काठावरून तळाला उतरतात आणि संध्याकाळी परत चढतात.

आता लांबून येणाऱ्यांचं बघू. विमानतळ वर एल आल्तोत आहे. मुंबईहून तिथे थेट विमान नाही, वाटेत विमानं बदलावी लागतात. इतक्या उंचावर हवा विरळ असते. त्यामुळे विमानाला उडायलाही जास्त लांब धावपट्टी लागते, ती तिथे 4 किलोमीटरची आहे. नव्याने उतरलेल्या माणसाचं डोकं दुखतं, धाप लागते, मळमळतं. पहिले दोन दिवस सावकाश चालायचं, हलकं खायचं, पाणी भरपूर प्यायचं. तिथले लोक पाहुण्याला कोकाच्या पानांचा चहा देतात.

शेजारच्या पेरू देशातून बसने येता येतं. वाटेत तितिकाका नावाचं अफाट सरोवर लागतं. तिकिना या ठिकाणी ते अरुंद होतं. तिथे प्रवाशांना खाली उतरवतात. माणसं छोट्या होडीतून पलीकडे जातात आणि रिकामी बस लाकडी तराफ्यावर चढून मागून येते. पलीकडे पुन्हा आपापल्या जागेवर बसायचं.

तिसरी वाट युंगास भागातून येते. तिथे डोंगर हिरवे, हवा उबदार. कॉफी, फळं, कोकाची पानं तिथून शहरात येतात. जुना रस्ता इतका अरुंद, की एका अंगाला कडा आणि दुसऱ्या अंगाला दरी. लोक त्याला मृत्यूचा रस्ताच म्हणायचे. आता नवा रस्ता झाला आहे आणि बहुतेक गाड्या त्यावरून जातात.

पण खरा प्रश्न रोजच्या प्रवासाचा. एल आल्तोतून खाली जायला सगळ्यात जुनी सोय म्हणजे मिनीबस, आपल्या वडापासारखी. दारात एक पोरगा किंवा बाई उभी राहून गाडी कुठे जाणार ते ओरडून सांगते. हात केला की गाडी थांबते, हा तिचा मोठा गुण. पण गर्दीच्या वेळी काही चालक एकच रस्ता तुकड्यांत तोडतात. अर्ध्या वाटेत "इथपर्यंतच" म्हणून उतरवतात, म्हणजे पुढे दुसरी गाडी आणि दुसरं भाडं. शिवाय वळणावळणाचा रस्ता गर्दीने तुंबतो. आंदोलन झालं की रस्ते अडवले जातात, आणि बोलिव्हियात हे वारंवार होतं. मग पायी उतरण्यावाचून इलाज नसतो.

2014 साली यात एक नवी सोय आली. आपल्याकडे रायगडावर पाळण्याने वर जातात ना, तसा पाळणा तिथे शहराच्या रोजच्या वाहतुकीसाठी सुरू झाला. नाव 'मी तेलेफेरिको'. तिकडच्या स्पॅनिश भाषेत 'मी' म्हणजे 'माझा'. ही सेवा सरकारी आहे. आधी लाल, मग पिवळी, मग हिरवी, असं करत आज 10 मार्ग आहेत, सगळे मिळून 30 किलोमीटरहून जास्त. लोखंडी दोर सतत फिरत असतो. एका डब्यात 10 माणसं बसतात. स्थानकात डबा दोरावरून सुटतो, हळू होतो, माणसं चढतात आणि तो पुन्हा दोर पकडतो. मागोमाग दुसरा डबा असतोच, म्हणून वेळापत्रक बघावं लागत नाही. लाल मार्गाने काठावरून तळाला जायला 10 मिनिटं पुरतात. सेवा सुरू झाली तेव्हा भाडं 3 बोलिव्हियानो होतं. विद्यार्थी, वयस्कर आणि अपंगांना त्याच्या निम्मं. खाली रस्ता अडवलेला असला तरी पाळणा वरून जातो.

मग पाळणा आला, प्रश्न मिटला का? नाही. पाळणा स्थानकापर्यंतच नेतो, पुढे घरापर्यंत चालणं किंवा पुन्हा मिनीबस. मार्ग बदलला की जादा पैसे. बसायला 10 माणसांची जागा असलेल्या डब्यात बटाट्याची पोती किती मावणार? म्हणून शहाणी बाई ओझं बघून गाडी ठरवते. रिकाम्या हाताने कामावर जायचं असेल तर पाळणा, माल असेल तर मिनीबस.

या ओझ्याचीच एक जुनी गोष्ट आहे, आणि तिच्यासाठीच आम्ही आज हा विषय घेतला. 1935 सालची गोष्ट. तेव्हा ला पाझमध्ये विजेची ट्राम चालायची. घेरदार परकर आणि टोपी घालणाऱ्या आयमारा बायका मोठ्या घरांत स्वयंपाक करायच्या. सकाळी बाजारात जाऊन भाजी, मांस आणायचं, ते टोपल्यांत भरून ट्रामने मालकिणीच्या घरी पोचवायचं. श्रीमंत बायकांनी तक्रार केली, की या टोपल्यांनी आमचे पायमोजे फाटतात. नगरपालिकेने टोपलीवाल्या बायकांना ट्रामबंदी केली. म्हणजे ज्यांच्या घरचा बाजार, त्यांनाच टोपलीचा त्रास!

स्वयंपाकिणी एकत्र आल्या. त्यांनी आपली संघटना बांधली. पेट्रोनिला इन्फान्तेस ही स्वयंपाकीण त्यांच्या पुढाऱ्यांपैकी एक. त्या मोर्चाने गेल्या, भांडल्या आणि बंदी मागे घ्यायला लावली. मग तिथेच थांबल्या नाहीत. कामाचे तास आणि सुट्टी यांसाठीही त्या पुढे लढत राहिल्या.

मैत्रिणींनो, आपल्याकडे मार्च 2023 पासून एसटीत बाईला निम्मं तिकीट आहे. त्याचा आपल्या सगळ्यांना फायदा झाला. पण तिकीट स्वस्त झालं म्हणजे प्रवास सोपा झाला, असं नाही. गाडी बाजाराच्या वेळेला येते का, पाटीसकट चढू देतात का, उतरल्यावर अंधारात किती चालायचं, हेही प्रवासातच धरायला हवं. पुढच्या बैठकीत एक काम करू. प्रत्येकीने एका बाजाराच्या दिवसाचा हिशेब आणायचा: घरातून निघाल्यापासून परत येईपर्यंत किती वेळ वाट बघितली, किती चाललो, किती पैसे गेले, किती वेळा "ओझं नाही चालणार" ऐकलं. एकटीने सांगितलं तर गाऱ्हाणं होतं. वीस जणींचा हिशेब कागदावर घेऊन ग्रामसभेत आणि आगारात गेलो, तर तो अर्ज होतो.

पाटी आपली आहे, आणि तिला गाडीत जागाही हवी.